हरलेल्या हंगामात मनालाही विसावा हवा

थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर गेलात तर भाविक आणि पर्यटक जागे होण्याआधी वाळूवर पळणारी मुले-मुली दिसतात. कोणी पोलीस भरतीच्या तयारीला आलेले असते, कोणी कबड्डीच्या, कोणी खो-खोच्या. ओल्या वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरून येतात, दम लागतो. बाजूला शिट्टी घेऊन त्यांचे सर उभे असतात. हे चित्र पाहून कोणालाही बरे वाटेल. मुले मोबाईल सोडून मैदानावर आली, यापेक्षा चांगली गोष्ट कोणती?

पण डॉक्टरची नजर थोडी वेगळीकडे जाते. या घोळक्यात एखादी मुलगी पळत असते, पण तिचे कशात लक्ष नसते. शिट्टी झाली की थांबते, पुन्हा झाली की पळते. कोणी हसले तर हसत नाही. पाय व्यवस्थित आहेत, छाती स्वच्छ आहे, ताप नाही. तरीही ती थकलेली आहे. तिच्या सरांकडे पाहावे तर तेही तसेच.

आज या सदरात गुडघा, घोटा, लचक, मुरगळ यांविषयी लिहायचे नाही. हंगाम वाईट चालला असताना खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या मनाला जो थकवा येतो, त्याविषयी लिहायचे आहे. पायाला प्लास्टर घातले की घरातले सगळे त्या मुलाला जपतात. मन थकले तर मात्र त्याला ‘नाटक’ म्हणतात. खरा घोटाळा तिथेच होतो.

कोणाच्याही घरातली गोष्ट

एका खो-खो खेळणाऱ्या मुलीची गोष्ट घेऊ. तिला नाव नको, कारण ती कुठल्याही तालुक्यातली असू शकते. दहावीत आहे. गेल्या वर्षी संघ राज्यापर्यंत गेला होता. गावात फलक लागला, ग्रामपंचायतीत सत्कार झाला. यंदा पहिल्याच फेरीत जिल्ह्याला हरले. शेवटच्या डावात तिच्या हातून खो चुकला. परतीच्या एस.टी.त कोणी बोलले नाही. घरी आल्यावर वडील एवढेच म्हणाले, “आता क्रीडा गुणांचं काय?”

त्या दिवसापासून तिला झोप लागेना. डोळे मिटले की तोच खांब, तोच खो. सरावाला जायच्या वेळी पोटात दुखायचे. डॉक्टरांकडे नेले, पोटात काही निघाले नाही. अभ्यासातही मन लागेना. आई म्हणाली, नजर लागली. सर म्हणाले, आळस आला. मैत्रिणी म्हणाल्या, भाव खाते.

यात कोणी वाईट नाही. वडिलांचा प्रश्नही चुकीचा म्हणता येणार नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोकणातल्या सामान्य घरात या दोन गोष्टींचे मोल फार मोठे असते. म्हणूनच आपल्याकडे एक सामना हरणे म्हणजे नुसता सामना हरणे राहत नाही. मुलीच्या डोक्यावर घराची आशा, शाळेची प्रतिष्ठा, सरांचा मान आणि गावाचा फलक असे सगळे ओझे एकदम येते. चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्यांनी ते किती दिवस पेलायचे?

मोठ्यांनाही हे चुकले नाही

असे काही फक्त कच्च्या मनाच्या मुलांना होते, असा समज असेल तर तो काढून टाकावा.

गेल्या काही वर्षांतले सर्वांत बोलके उदाहरण २०२५ सालच्या महिला विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे आहे. स्पर्धा आपल्याच देशात होती. भारतीय संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेकडून, १२ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाकडून आणि १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडकडून, तोही केवळ चार धावांनी. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज या स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि इंग्लंडविरुद्ध तिला संघातून वगळले गेले. त्याआधी २०२२ च्या विश्वचषकाच्या संघातही तिला जागा मिळाली नव्हती.

पुढे ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या मैदानावर उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे आव्हान ठेवले होते. जेमिमाने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारत जिंकला. त्यानंतर तिने जे सांगितले ते आरोग्याच्या दृष्टीने धावांपेक्षा मोलाचे आहे. या दौऱ्यात आपण जवळजवळ रोज रडत होतो, मनात सतत घालमेल होती, आईला फोन करून रडायचो, असे तिने सर्वांसमोर मोकळेपणाने सांगितले. सांगलीची स्मृती मानधना काही दिवस नेटमध्ये फारसे न बोलता नुसती जवळ येऊन उभी राहायची आणि त्याचाही आपल्याला आधार वाटला, हेही तिने सांगितले.

वाचकहो, ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. स्मृतीने उपदेश केला नाही, भाषण दिले नाही. ती जवळ उभी राहिली. मनाच्या विश्रांतीचे हे सर्वांत साधे औषध आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये शालेय स्पर्धेत सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढच्या फलंदाजीसाठी पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. अशा माणसाच्या संघाचे तीन पराभव झाले तेव्हा टीकेचा रोख त्यांच्याकडेही होताच. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून संघ जगज्जेता झाला. त्या दिवशी खेळाडूंबरोबर प्रशिक्षकाच्याही डोळ्यांत पाणी होते. मधल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मनावर काय ओझे असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

खुद्द सचिन तेंडुलकर यांनी मे २०२१ मध्ये एका चर्चेत सांगितले, की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षे आपल्याला सामन्याआधी अस्वस्थता यायची, कित्येक रात्री झोप लागत नसे. पुढे आपण ती अस्वस्थता तयारीचाच भाग म्हणून स्वीकारली. चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे, आदल्या दिवशी बॅग भरून ठेवणे अशा साध्या कामांचा उपयोग होई, असेही ते म्हणाले. जगातला एवढा मोठा फलंदाज मन शांत करण्यासाठी कपड्यांना इस्त्री करत होता! मग आपल्या मुलीला सामन्याआधी पोटात गोळा आला तर तिला भित्री का म्हणायचे?

‘कर्तव्य’ म्हणताना विसरलेला भाग

सचिनच्या बाबतीतच १९९९ ची आठवण आपण मुलांना नेहमी सांगतो. इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू असताना १९ मे रोजी त्यांचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे निधन झाले. सचिन परतले, अंत्यविधी केला, पुन्हा इंग्लंडला गेले आणि २३ मे रोजी केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा करून ते शतक वडिलांना अर्पण केले. आपण म्हणतो, “बघा, याला म्हणतात कर्तव्य!”

खरे आहे. पण या गोष्टीतला एक भाग आपण सांगायचे विसरतो. सचिन घरी आले. मधला झिंबाब्वेविरुद्धचा सामना ते खेळले नाहीत आणि भारत तो तीन धावांनी हरला. तरीही त्यांनी घरी यायला नको होते, असे कोणी म्हटले नाही. परत जाण्याचा निर्णयही घरच्या माणसांत, आईच्या सांगण्यावरून झाला. माणसाला आधी रडू द्यावे, घरच्यांत बसू द्यावे, मग मैदानावर जायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. एखाद्याला चार दिवस पुरतात, एखाद्याला चार महिने लागतात. दुसऱ्याच्या चार दिवसांची पट्टी आपल्या मुलाला लावू नये.

मन थकते म्हणजे नेमके काय होते?

सामना जवळ आला की शरीरात काही रसायने वाढतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, नजर तीक्ष्ण होते. हे चांगलेच असते. त्याशिवाय चढाई करता येणार नाही. पण सामना संपल्यावर हे सगळे उतरले पाहिजे. हंगाम वाईट असला की ते उतरत नाही. हरल्याची रुखरुख, लोकांचे बोलणे, मोबाईलवरच्या चर्चा आणि पुढच्या सामन्याची भीती यामुळे शरीर अहोरात्र सामन्याच्याच तयारीत राहते. पंप चोवीस तास चालू ठेवला तर मोटर जळते, तसाच हा प्रकार.

मग झोप उडते. झोप उडाली की स्नायूंची झीज भरून येत नाही, सराव वाढवला तरी खेळ खालावतो, खेळ खालावला की सर आणखी सराव देतात. हे चक्र असेच चालू राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात, कामाच्या न संपणाऱ्या ताणाने येणाऱ्या अशा थकव्याची नोंद घेतली. तो आजार नाही, पण दुर्लक्ष केले तर आजारापर्यंत नेतो, हे लक्षात ठेवावे. त्याची तीन लक्षणे सांगतात: अंगातले त्राण जाणे, आवडत्या कामाचा वीट येणे आणि ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असे वाटत राहणे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही तज्ज्ञांकरवी खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर स्वतंत्र निवेदन काढले. म्हणजे हा विषय आता जगभर गांभीर्याने घेतला जातो.

पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील खुणांकडे लक्ष ठेवावे.

१) झोप लागत नाही, किंवा झोपूनही ताजेतवाने वाटत नाही.
२) सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त भरते.
३) भूक मंदावते, वजन उतरते, वारंवार सर्दी-खोकला होतो.
४) मुलींची मासिक पाळी लांबते किंवा बंद होते.
५) सरावाच्या वेळी डोके किंवा पोट दुखते आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही.
६) चिडचिड, गप्प राहणे, मित्रांना टाळणे.
७) पूर्वी ज्या खेळासाठी जीव टाकायचा, त्याचे नाव काढले तरी तोंड फिरवणे.

एक सावधगिरी सांगतो. प्रत्येक थकवा मनाचाच असतो असे नाही. रक्त कमी असणे हे आपल्याकडच्या मुलींमध्ये नेहमीचे कारण आहे. थायरॉईड, नुकताच होऊन गेलेला डेंग्यू किंवा कावीळ, अपुरे जेवण यांनीही असाच थकवा येतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि साधी रक्ततपासणी करून घ्यावी. त्यात काही निघाले नाही, तर ‘काही नाही’ असे म्हणून विषय संपवू नये. तिथून पुढे मनाची चौकशी सुरू करावी.

आंब्याच्या झाडाला जे कळते

कोकणातल्या माणसाला विश्रांतीचे महत्त्व पुस्तकातून शिकवायला नको. आपला हापूस एका वर्षी मोहराने लगडतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. झाड दम खाते. दरवर्षी फळ यावे म्हणून बागायतदार कल्टार घालतात. ते शास्त्रीय पद्धतीने, प्रमाणात आणि खतपाणी सांभाळून घातले तर फायदा होतो. पण लोभापायी मात्रा वाढवत नेली तर झाड खचते, हे कोणताही जुना बागायतदार सांगेल. आपण मुलांना दरवर्षी, प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक गटात उतरवतो तेव्हा काय करत असतो, याचा विचार व्हावा.

आमचे मच्छीमार बांधवही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात. कायद्याची बंदी आहेच, शिवाय ते माशांच्या विणीचे आणि खवळलेल्या समुद्राचे दिवस. होड्या वर ओढून ठेवतात, जाळी विणतात, इंजिन खोलतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला जातो आणि नवा हंगाम सुरू होतो. या दोन महिन्यांना कोणी आळस म्हणत नाही.

खेळाडूंनाही पूर्वी पावसाने अशीच सुट्टी दिली होती. मातीचे मैदान जून ते सप्टेंबर चिखलात असायचे. कबड्डी, खो-खो आपोआप बंद. मुले भात लावायला जायची, गणपतीत नाचायची, आणि दसऱ्यानंतर मैदान आखले की खेळाला आसुसलेली असायची. आता मॅट आली, बंदिस्त सभागृहे आली. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डीची लीग टी.व्ही.वर दिसू लागली, जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक नवी दिल्लीत होऊन भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण खेळाला बारमाही दिवस आले आणि पावसाने दिलेली सुट्टी गेली. ती सुट्टी आता आपणच ठरवून द्यायला हवी.

मनाला विसावा कसा द्यावा?

विसावा म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून मोबाईल पाहणे नाही. उलट त्याने थकवा वाढतो. खालील गोष्टी कोणालाही जमतील.

एक रात्र चर्चा बंद: सामना हरल्यावर त्या रात्री चुकांची उजळणी करू नये. मैदानावर नको, गाडीत नको, जेवताना तर नकोच. दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, अर्धा तास बसून बोलावे. त्याच रात्री बोललेले शब्द जन्मभर लक्षात राहतात आणि त्यांतून शिकायला काहीच मिळत नाही.

आठवड्यातला एक दिवस खेळाविना: त्या दिवशी बूट नको, शिट्टी नको, सामन्यांची चित्रफीतही नको. झाडांना पाणी घालावे, आजीला बाजारात न्यावे, चित्र काढावे, मनसोक्त झोपावे.

झोप: तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचचा सराव असेल तर रात्री नऊला दिवा बंद झाला पाहिजे. ते घरात जमत नसेल तर सराव उशिरा ठेवावा. झोप तोडून केलेल्या सरावाने अंगाला लागत नाही.

मोबाईलला कुंपण: सामन्याच्या दिवशी आणि त्यानंतरच्या दिवशी गावाच्या, संघाच्या, मंडळाच्या ग्रुपवर जाऊ नये. हरल्यावर तिथे प्रत्येक जण प्रशिक्षक झालेला असतो.

श्वास आणि शवासन: आरामात बसून नाकाने मनात चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सावकाश सोडावा. पाच मिनिटे पुरेत. रात्री आडवे पडून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू क्षणभर आवळून सैल सोडत जावे. झोप यायला याची चांगली मदत होते. सामन्याआधी भीती वाटली तरी हाच श्वास उपयोगी पडतो.

गणपतीपुळ्याला किंवा जवळच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. हंगामात एकदा तरी संघाला तिथे न्यावे, पण त्या दिवशी वाळूत पळवू नये. देवळामागची डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे. ती घड्याळ न लावता, गप्पा मारत करावी. जवळच मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक आहे, तेही दाखवावे. आरे-वारेच्या वळणावर थांबून मुलांना नुसता समुद्र पाहू द्यावा. कोणी देवापुढे मन मोकळे करील, कोणी लाटांपुढे. दोन्ही चालेल. मात्र मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. हा किनारा दिसायला शांत असला तरी लाटांचा ओढा फसवा आहे आणि आजवर इथे अनेक जीव गेले आहेत. किनाऱ्यावरच्या सूचना आणि जीवरक्षक सांगतील ते पाळावे.

सरांचे मन कोण विचारतो?

मुलांविषयी निदान कोणी तरी बोलते. क्रीडाशिक्षकाविषयी कोणी बोलत नाही. शाळेत बहुधा एकच क्रीडाशिक्षक. मैदान आखायचे, प्रवेशिका भरायच्या, एस.टी.चे पैसे कधी खिशातून घालायचे, मुलींच्या पालकांना समजवायचे, पंचगिरी करायची, वर शाळेची इतर कामे. संघ जिंकला तर मुलांचे कौतुक, हरला तर “सरांनी संघ चुकीचा निवडला.” मुलांसमोर सरांना रडता येत नाही, घरी सांगितले तर “एवढं काय त्या खेळाचं?” असे उत्तर मिळते. मग हा कोंडमारा रागावाटे बाहेर पडतो, आणि तो राग नेमका ज्यांच्यावर जीव आहे त्या मुलांवर निघतो.

सिंधुदुर्गातल्या मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर सर शिस्तीसाठी प्रसिद्ध होते. निवृत्तीच्या दिवशी, १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, सचिनने सांगितले, की एकोणतीस वर्षांत सर आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. पण सचिनने हेही सांगितले आहे, की सर खूश झाले की भेळपुरी किंवा पाणीपुरी खायला घालायचे. शब्द नव्हते, तरी माया पोचत होती. सांगण्याचा मुद्दा असा, की मुलांना सरांकडून डावपेचांइतकीच ती भेळ हवी असते. आणि ती देण्यासाठी सरांच्या मनात थोडी जागा शिल्लक असावी लागते.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती:

• आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःच्या घरासाठी राखून ठेवा. त्या वेळी पालकांचे फोनही घेऊ नका. तसे आधीच सांगून ठेवा.
• शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या प्रशिक्षकाशी मैत्री ठेवा. मैदानावर तो प्रतिस्पर्धी असला तरी तुमचे दुखणे त्याच्याइतके कोणाला कळणार नाही.
• हरल्यावर पहिली दहा मिनिटे काही बोलू नका. पाणी द्या, कोणाला लागले आहे का ते पाहा. बोलायचेच असेल तर एवढे म्हणा, “उद्या बोलू. आता जेवायला चला.”
• “माझं चुकलं” हे वाक्य मुलांसमोर एकदा म्हणून पाहा. मान कमी होत नाही. मुलांनाही आपली चूक कबूल करायचे धैर्य येते.
• राग अनावर होऊ लागला, दारूचा किंवा तंबाखूचा आधार वाढू लागला, तर ती थकव्याची खूण समजा आणि मदत घ्या.

पालकांनी काय करावे?

मूल हरून घरी आले की पहिला प्रश्न “किती गुणांनी हरलात?” असा नसावा. “भूक लागली का?” असा असावा. पेज, मऊ भात, जे आवडते ते वाढावे आणि जवळ बसावे. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर घाई करू नये. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नये. आणि महिन्यातून एकदा तरी त्याला विचारावे, “तुला अजून खेळायला आवडतं ना?” उत्तर ‘नाही’ आले तर ऐकण्याची तयारी ठेवावी. थोडी विश्रांती मिळाल्यावर तेच मूल पुष्कळदा स्वतःहून मैदानावर जाते.

पराभवानंतर संयम ठेवल्याचे फळ मिळते, याचे जवळचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे आहे. २०२२ ची जागतिक स्पर्धा आणि त्यानंतरची आशियाई स्पर्धा, दोन्हीकडे वैयक्तिक प्रकारात तो चौथा आला. म्हणजे पदक एका पायरीने हुकले. प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांनी त्याची साथ सोडली नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. प्रत्येक चौथ्या क्रमांकानंतर पदक येतेच असे नाही, तशी हमी कोणी देऊ नये. पण चौथा आला म्हणून मुलाला टाकून दिले, तर पुढची संधीच संपते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

विश्रांती घेऊन, झोप सुधारूनही उदासपणा, निराशा, झोपमोड दोन आठवड्यांहून अधिक टिकली. अभ्यास, जेवण, बोलणे यांवर परिणाम झाला. छातीत धडधडून जीव घाबरा होऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. “जगून काय उपयोग?” असे मुलाने बोलून दाखवले किंवा स्वतःला इजा करून घेतली तर एक दिवसही वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. असे शब्द ‘धमकी’ म्हणून उडवून लावू नयेत.

रत्नागिरीत ब्रिटिश काळापासून मनोरुग्णालय आहे. दुर्दैवाने आपल्याकडे त्याचे नाव थट्टेत घेण्याची सवय पडली आहे. त्या थट्टेमुळे किती तरी माणसे दारापर्यंत जाऊन परत फिरतात. मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यात जसे काही लाजिरवाणे नाही, तसेच हेही. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

एक इशारा. झोपेच्या किंवा ‘घबराट कमी करणाऱ्या’ गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. थरथर कमी व्हावी म्हणून दिली जाणारी रक्तदाबाची काही औषधे नेमबाजी, तिरंदाजीसारख्या खेळांत उत्तेजक-विरोधी नियमांनुसार बंद आहेत. आपण खेळाडू आहोत, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

दोन नेहमीचे प्रश्न

*बोर्डाच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करावा का?*
सहसा नको. खेळ एकदम बंद केला तर मुलाचा मित्रपरिवार, झोप आणि भूक सगळेच बिघडते. स्पर्धा कमी कराव्यात, पण रोज पाऊण तास मोकळा खेळ ठेवावा.

*मुलगा हरल्यावर रडतो. त्याला कणखर कसे करावे?*
रडू द्यावे. रडल्याने मन हलके होते. रडून झाल्यावर जो दुसऱ्या दिवशी उठून हात-पाय धुतो आणि जेवतो, तो कणखरच आहे.

शेवटी पुन्हा त्या खो-खोच्या मुलीकडे येऊ. तिच्यासाठी फार काही करायचे नाही. वडिलांनी गुणांचा विषय महिनाभर काढू नये. सरांनी तिला एक आठवडा मैदानाबाहेर बसवावे, पण संघाबाहेर काढू नये. लहान मुलींना खो कसा द्यायचा ते दाखवायचे काम द्यावे. मैत्रिणींनी तिला घरी जाऊन हाक मारावी. आईने रात्री तिच्या उशाशी थोडा वेळ बसावे. या एवढ्याने ती पुढच्या वर्षी राज्याला जाईल की नाही, ते सांगता येणार नाही. पण एखाद्या संध्याकाळी ती स्वतःहून बूट शोधू लागेल, असे मात्र पुष्कळदा घडते.